बुधवारचा बार

आमच्या सोसायटीत एकही पोलीस राहत नाही, पण सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर अख्खी पोलीस चौकी राहते. ती कधी 'शुभ सकाळ' पाठवत नाही, कुणाच्या वाढदिवसाला केकचं चित्र टाकत नाही, वार्षिक सभेला येत नाही. नुसती वाचत बसते. वारज्यात इतका समंजस शेजार मिळत नाही, असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं.

चौकीला ग्रुपवर आणलं ते आमच्या अध्यक्षांनी. हे गृहस्थ कुठल्याशा कंपनीच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरात काय काय येतं ह्याची नोंद ठेवणं त्यांना सोडवत नाही. झालं असं, की दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाचे नवेकोरे पळायचे बूट दारातून गेले. अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. चौकीची नवी योजना आली आहे, म्हणाले. प्रत्येक सोसायटीनं आपल्या ग्रुपवर चौकीचा नंबर घ्यायचा, म्हणजे काही संशयास्पद असलं की तिकडे आपोआप कळतं.

"आपोआप म्हणजे कसं?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअर आहे, वहिनी. ते सगळे मेसेज वाचतं."

"सगळे?"

"तुम्हाला काय लपवायचंय? कर नाही त्याला डर कशाला!"

ह्यावर टाळ्या पडल्या. म्हण आली की पुण्यात वाद संपला असं धरतात. मी म्हटलं, "मग तुम्ही संडासाला आतून कडी कशाला लावता?" माझं हे विधान इतिवृत्तात घेऊ नये, असं सभेनं एकमतानं ठरवलं. चौकी ग्रुपवर आली. बूट काही आले नाहीत.

मला ह्या विषयातलं थोडंफार कळतं. तरुणपणी मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. आजच्या पोरांना ट्रंक म्हणजे पत्र्याची पेटी वाटते, म्हणून सांगते. परगावी बोलायचं तर आधी आम्हाला फोन करायचा, आम्ही पलीकडचा नंबर लावून द्यायचा, आणि लाइन चालू आहे की तुटली हे बघायला अधूनमधून आत डोकावायचं. डोकावलं की कानावर पडायचंच. कुणाचं लग्न जुळलं, कुणाचं मोडलं, कोण बायकोला "नाशकात आहे" सांगून पुण्यातच कुठल्या पेठेत बसलाय, सगळं आम्हाला ठाऊक. आमच्या सुपरवायझर बाई नव्या मुलीला पहिल्याच दिवशी बजावत, "कानात येईल ते हेडफोनबरोबर काढून टेबलावर ठेवायचं. घरी न्यायचं नाही."

एकदा नागपूरहून कॉल होता. पलीकडचा माणूस मला म्हणाला, "बाई, त्यांची आई गेली आहे. तुम्ही काही बोलू नका हं, मी सांगतो." मी इकडचा नंबर लावला. फोन घेणारे गृहस्थ आधी मलाच विचारायला लागले, "नागपूर? ह्या वेळी? सगळं ठीक आहे ना हो?" मला माहीत होतं. मी म्हटलं, "बोला, नागपूर लाइनवर आहे." आणि बोर्डावरची कळ सोडून दिली. एखादी गोष्ट कळणं वेगळं आणि ती सांगण्याचा हक्क वेगळा, हे शिकायला मला कुठल्या कायद्याचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

तर गेल्या वर्षी माझ्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. ती हिंजवडीत नोकरी करते, म्हणजे निम्मा दिवस नोकरी आणि निम्मा दिवस तिथून घरी येणं. जावई परदेशात. लग्न झालं की दोघांनी लगेच विमानात बसायचं, तिनं तिकडेच कंपनीचं काम चालू ठेवायचं, असं सगळं छान ठरलं. साखरपुडा झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात अंघोळ करताना माझ्या हाताला छातीत गाठ लागली.

आमचे हे आणि मी गुपचूप दवाखान्यात गेलो. तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि जे नसावं म्हणून मी देवाला इतके दिवस लाच देत होते तेच निघालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "लवकर सापडलंय. ऑपरेशन करून टाकू."

"लग्न आहे," मी म्हटलं.

"तुमचं आहे का?"

पुण्यातल्या डॉक्टर. त्यांच्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा नव्हती. बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी मला तीन-चार आठवडे दिले, मधल्या काळात दर गुरुवारी सकाळी दाखवून जायचं ह्या अटीवर. मी लग्नाची तारीख अलीकडे ओढली.

लेकीला सांगायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. मी तिला ओळखते. तिला कळलं असतं तर तिनं लग्न पुढे ढकललं असतं, तिकडची सगळी व्यवस्था रद्द केली असती आणि माझ्या उशाशी स्टूल घेऊन बसली असती. माझा बेत सरळ होता. लग्न लागेल, ती विमानात बसेल, दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात भरती होईन, आणि सगळं आटोपलं की तिला फोन करून म्हणेन, "घाबरू नकोस, सगळं झालंय, मी बरी आहे." ह्या वाक्याची मी ओट्याशी उभी राहून तालीम करत असे. आधी 'घाबरू नकोस' म्हणावं की नाही ह्यावरही विचार केला होता, कारण 'घाबरू नकोस' म्हटलं की माणूस आधी घाबरतो. पण ते शब्द तिच्या कानात माझ्या तोंडून जाणार होते आणि त्यातले शेवटचे शब्द 'बरी आहे' असणार होते, एवढं नक्की होतं. आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्यांना मी महिनाभर गप्प राहायला सांगितलं. ते त्यांना उत्तम जमतं.

गुरुवारी सकाळी कुठे जातेस, असं लेकीनं विचारलं की मी "लक्ष्मी रोडला, खरेदी" म्हणत असे. लग्नघरात ह्या उत्तरावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

अलीकडच्या तारखेला चांगलं कार्यालय मिळेना. सोसायटीचा हॉल तेवढा मोकळा होता, बुधवारी. अध्यक्षांकडून तो मिळवणं हे लग्न जुळवण्यापेक्षा अवघड काम, तेही केलं. मग शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी म्हणून मी ग्रुपवर एक मेसेज टाकला. मला लांबण लावायची सवय नाही. मेसेज असा होता:

'सर्वांस कळवण्यात येते की येत्या बुधवारी सोसायटीच्या हॉलमध्येच बार उडवायचा आहे. सामान आदल्या दिवशी येईल, त्यास कोणी हात लावू नये. माणसे बाहेरगावची आहेत, वॉचमनने अडवू नये. सकाळी होमाचा धूर होईल, खिडक्या लावून घ्याव्यात. आवाजही होईल, तो सोसावा. एकदाचा बार उडाला की आम्ही मोकळे.'

पंधरा-वीस अंगठे आले, दोन-तीन अभिनंदनं आली. अध्यक्षांनी हॉलची नियमावली पुन्हा एकदा पाठवली. चौकी नेहमीप्रमाणे गप्प होती.

दोन दिवसांनी लेक तोंड पाडून स्वयंपाकघरात आली. तिच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली, नवा करायला टाकला होता, पत्ता वारज्याचा म्हणून पोलिसांची चौकशी आमच्याच चौकीकडे. "आई, पासपोर्ट अडकलाय. पोलिसांचा शेरा 'प्रतिकूल' दाखवतंय."

ह्या मुलीवर जन्मात एकदाच प्रतिकूल शेरा पडला होता, तोही शाळेत कवायतीच्या बाईंनी मारलेला. पासपोर्ट नाही म्हणजे विमान नाही, विमान नाही म्हणजे ती जाणार नाही, आणि ती इथे असताना मी भरती होणार कशी? चेहऱ्यावर मी फक्त कपाळाला आठी आणली, जी तशीही असतेच. संध्याकाळी चौकीतून फोन आला. अर्जदार आणि अर्जदाराची आई, दोघींनी या.

चौकीत फौजदार बसले होते. पलीकडच्याच एका गावचे, गाव शहरात आलं तरी बोली गावातच राहिलेली. आम्हाला पाहून उठून उभे राहिले. "या काकू, बसा. च्या सांगू का?"

त्यांनी समोरचा मॉनिटर आमच्याकडे वळवला. माझा मेसेज इंग्रजीत झाला होता. इंग्रजीत मी फार भयंकर बाई निघाले. येत्या बुधवारी मी एक बार, म्हणजे दारू प्यायचा बार, स्फोटानं उडवून देणार होते. त्याचं साहित्य आदल्या दिवशी येणार होतं आणि त्याला कोणी हात लावू नये असा इशारा मी दिला होता. माणसं बाहेरून येणार होती. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं तर खबरदार. आणि काम फत्ते झालं की मला मुक्ती मिळणार होती. खाली लाल चौकट, आणि एकाच पत्त्यामुळे लेकीचा अर्जही तिच्यात.

"मला समदं कळतंय हो काकू," फौजदार म्हणाले. "माझ्या बहिणीचा बार मागच्याच साली उडवलाय आम्ही. पर ह्याला कळत न्हाय." त्यांनी मॉनिटरकडे बोट केलं. "आता सिस्टिमनं जे इचारायला सांगितलंय ते इचारावं लागतंय. राग मानू नका. कोणता बार?"

"लग्नाचा."

"ठिकाण?"

"सोसायटीचा हॉल."

"तिथं दारू मिळती का?"

"तिथे पाणीसुद्धा अध्यक्षांच्या परवानगीनं मिळतं."

"साहित्य कोणतं?"

"तांदूळ, हळकुंडं, अंतरपाट, समिधा."

"समिधाला 'लाकडं' लिहितो. नको, थांबा. लाकडं ज्वालाग्राही मधी जातंय." त्यांनी खोडलं. "धूर कशाचा?"

"होमाचा. मेसेजमध्ये लिहिलंय की."

"तोच तर घोळ हाय. होम म्हणजे घर घेतंय ते. बघा, 'घराला आग लागून धूर होईल' असं आलंय."

लेक हसायला लागली. मीही हसले. खरं तर बार म्हणजे बंदुकीचाच बार, दारू ठासून उडवायचा. आपल्या वाडवडिलांनीच लग्नाला हा शब्द लावून ठेवला तेव्हा त्यांना काहीतरी अनुभव असणार. यंत्र अगदीच चुकलं नव्हतं. पण यंत्राला ही थट्टा कळत नव्हती, फौजदारांना कळत होती, आणि दोघांत वरिष्ठ यंत्र होतं.

"मग काढून टाका ना हे," मी म्हटलं.

"चढवायचं बटण माझ्याकडं हाय काकू. उतरवायचं न्हाय." ते ओशाळले. "शहरातल्या मोठ्या कार्यालयात जावं लागंल. तिथं इंजिनेर बसतोय. चांगला पोरगा हाय, दोन मिन्टात करून देईल."

आमच्या काळी एक्सचेंजमध्ये लाइन जोडणाऱ्या मुलीला ती तोडताही यायची. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आणलेला चहा प्यायले आणि उठले.

मोठ्या कार्यालयात जुन्या दगडी इमारतीच्या पोटात एक नवी काचेची खोली केली होती. बाहेर चपला काढायला लावत होते. आत एक पंचविशीतला मुलगा, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, समोर दोन मोठे पडदे. पोलीस नव्हे, कंत्राटी. हसरा. उठून खुर्ची पुढे केली.

"हाय मॅम. ॲक्चुअली मला हे फॉल्स पॉझिटिव्ह वाटतंय. बट प्रोसेस फॉलो करावी लागते."

"तुझं शिक्षण मराठीत झालं का रे?"

"नाही मॅम, इंग्लिश मीडियम. पण घरी मराठीच. लाइक, आजीशी."

"मग आजीला विचार, बार उडवणं म्हणजे काय."

तो गुणी मुलगा, त्यानं खरंच आजीला मेसेज केला. लगेच उत्तर आलं. ते वाचून त्याचे कान लाल झाले. लेकीनं वाकून वाचलं आणि मला सांगितलं. आजीनं लिहिलं होतं, 'कुणाचा? तुझा ठरला का?'

"मीनिंग कन्फर्म झालं," तो म्हणाला, "पण आजीला सोर्स म्हणून ॲड करता येत नाही." मग त्यानं आमची छापील पत्रिका मागितली, तिचा फोटो काढून कुठेतरी चढवला, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या. लाल चौकटीतला एक भाग हिरवा झाला. मी पर्स उचलली.

"एकच मिनिट मॅम. अजून एक फ्लॅग आहे."

"आता कुठला? मी बोहल्यालाही काहीतरी म्हटलं असेल."

"नाही, हा मेसेजचा नाहीये. एकदा नाव आलं की सिस्टिम बाकीचा डेटा पण ओढून घेते. फोन कुठे असतो, कोणाला कॉल जातात. म्हणजे काय बोलता ते नाही हां, ओन्ली पॅटर्न. प्रायव्हसीची फुल काळजी घेतलीये." तो पडद्याकडे बघत होता. "तुमच्या वागणुकीत बदल दाखवतंय. लास्ट मंथपासून. दर गुरुवारी सकाळी."

मला कळलं. पडदा दिसायच्या आधी, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी कळलं. कानाला लावलेल्या हेडफोनमधून जसा पलीकडच्या आवाजाचा सूर समजायचा तसं कळलं. मी घाईनं म्हटलं, "ते मी सांगते तुला. हिला जरा बाहेर बसू दे."

"का?" लेक म्हणाली.

"पासपोर्ट त्यांचाच आहे ना, मॅम, त्या बसल्या तरी चालेल," तो मुलगा म्हणाला. मदत करत होता. "आणि सिंपल क्वेश्चन आहे. फोन दर गुरुवारी दोन-तीन तास कॅन्सर हॉस्पिटलच्या बिल्डिंगमध्ये दिसतोय. तिथल्या सर्जनच्या ओपीडीला बरेच कॉल आहेत. तुमचं कोणी रिलेटिव्ह ॲडमिट आहे का?"

लेक पुन्हा हसली. मघाचंच हसू, चौकीतलं. "हे पण चुकलंय तुमचं. आई गुरुवारी लक्ष्मी रोडला जाते. खरेदीला." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग ना गं त्याला."

मी समोरच्या पडद्याकडे बघत राहिले. आयुष्यभर मला उत्तर सुचलं नाही असं झालेलं नाही. रिक्षावाला, दुकानदार, नणंद, सुपरवायझर, कुणीही असो, माझं उत्तर त्यांचा प्रश्न संपायच्या आत तयार असतं. त्या दिवशी काही म्हणता काही आलं नाही. तिचं हसू हळूहळू गेलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे मला ते दिसलं नाही.

"ओह. सेल्फ?" त्या मुलानं हळू आवाजात विचारलं. मी मान हलवली. "सॉरी मॅम. मग मेडिकल कॅटेगरी सिलेक्ट करतो." त्यानं केली. "येस. दॅट एक्स्प्लेन्स. ग्रीन झालं!" आणि त्याला खरोखर आनंद झाला. "आता पासपोर्टला काही इश्यू नाही. गेट वेल सून, मॅम."

दुष्ट असता तर बरं झालं असतं. मला चार शब्द सुनावता आले असते. त्यानं खुर्ची दिली, आजीला विचारलं, आम्हाला दारापर्यंत सोडायला आला, आणि मधल्या दोन मिनिटांत माझ्या लेकीला तिच्या आईचा कॅन्सर सांगून टाकला.

बाहेर येऊन आम्ही चपला घातल्या. रिक्षात ती कडेला सरकून बसली. कर्वे रस्ता संपत आला तेव्हा म्हणाली, "कधीपासून?"

"साखरपुड्यानंतर."

"बाबांना माहितीये?"

"हो."

"आणि त्या मुलाला माझ्या आधी."

मी म्हटलं, अगं, मी सांगणारच होते. तिनं विचारलं, कधी? मी म्हटलं, ऑपरेशन झाल्यावर. हे उत्तर त्या रिक्षात किती वाईट ऐकू आलं ते मी सांगू शकत नाही. ओट्याशी उभं राहून घोकलेलं वाक्य तिथे कुठेच बसेना. मला संताप आला, लाज वाटली, आणि मी काही केलेलं नसताना लाज वाटावी ह्याचा पुन्हा संताप आला. माझ्या अंगातली गाठ, माझी मुलगी, आणि आमच्या दोघींच्या मधलं एक वाक्य, एवढं तीन वस्तूंचं माझं खाजगी आयुष्य. तेवढंही ह्या लोकांना पुरलं.

सोसायटीच्या फाटकात अध्यक्ष माळ्याला झाडांना पाणी घालायला लावत उभे होते. चौकीतून त्यांना कळलं असावं. "काय वहिनी, झालं ना क्लिअर? तरी मी म्हणत होतो, कर नाही त्याला—"

"अध्यक्ष," मी म्हटलं, "तुमची मूळव्याध कशी आहे आता?"

त्यांचा चेहरा उतरला. माळी पाइप धरून बघायला लागला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"का? लपवायचं होतं का काही?"

आमच्याकडे आणि त्यांच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई एकच आहेत, एवढं साधं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. लेक मागे न बघता जिना चढून गेली. एरवी अशा वेळी ती हसली असती.

बुधवारी बार उडाला. सामान आलं, बाहेरगावची माणसं आली, होमाचा धूर झाला, कुणीही खिडक्या लावल्या नाहीत आणि सगळ्यांनी नंतर तक्रार केली. फौजदार साध्या कपड्यांत आले होते. मी म्हटलं, "आता काय राहिलं?" ते म्हणाले, "तारीख सिस्टिममधी अजून हाय काकू. एक माणूस पाठवायलाच लागतोय. म्हटलं, मीच जातो." त्यांनी अक्षता टाकल्या, मसालेभात दोनदा घेतला आणि जाताना फोनवर कुणालातरी सांगितलं, "स्फोट झालेला न्हाय. वधूवर सुखरूप." लग्नात हसण्यासारखं तेवढंच घडलं. लेक छान दिसत होती, सगळ्यांशी बोलत होती, आणि दर थोड्या वेळानं मी कुठे आहे ते मान वळवून बघत होती. सप्तपदी चालू असतानासुद्धा बघत होती. मी दिसले नाही की थांबायची.

पासपोर्ट वेळेवर आला. तिनं तो कपाटात टाकला आणि जावयाला एकट्याला पाठवलं. मला जे नको होतं ते सगळं झालं. ती माझ्या उशाशी स्टूल घेऊन बसली. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर बाईसुद्धा समाधानी दिसल्या, हे त्यांच्या बाबतीत सोपं नाही. शुद्धीवर आल्यावर मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "घाबरू नकोस. सगळं झालंय. मी बरी आहे."

ती म्हणाली, "थांब, डॉक्टरांना विचारून येते."

दोन महिन्यांनी ती गेली. जायच्या आदल्या दिवशी तिनं माझा फोन मागून घेतला, त्यात काहीतरी चालू केलं आणि परत दिला. आता मी जिथे जाईन तिथे तिच्या फोनच्या नकाशावर एक निळा ठिपका दिसतो, तो म्हणजे मी. मला बंद करता येतं, कसं तेही मला ठाऊक आहे. पण बंद केलं तर तिला वाटेल की मी पुन्हा काही लपवतेय, आणि तसं तिला वाटण्यात तिची काही चूक नाही.

परवा तिचा फोन आला. कसं काय, जेवलीस का, काही नाही. "आई, आज सकाळी दवाखान्यापाशी अर्धा तास काय करत होतीस?"

"दळण आणायला गेले होते. गिरणी त्याच गल्लीत आहे."

"खरं सांग."

"अगं खरंच दळण. भाजणी होती, ती शेवटी दळतात, म्हणून थांबावं लागलं."

पलीकडे ती गप्प बसली की काय चाललंय हे मला चांगलं कळतं, ऐकणं हीच माझी नोकरी होती. मी फोन ठेवला, चपला घातल्या, पिठाचा डबा घेऊन पुन्हा गिरणीपर्यंत चालत गेले. डबा फळीवर ठेवला, मागे गिरणीची पाटी येईल असा फोटो काढला. गिरणीवाल्यांनी विचारलं, "काकू, फोटो कशाला?" मी म्हटलं, "लेकीला पीठ दाखवायचंय." फोटो पाठवला आणि तिथेच बाकावर बसून उत्तराची वाट बघितली.

उत्तर आलं. 'ठीक आहे. पण ह्यात तारीख दिसत नाहीये, आई.'